हौसाबाई कुठल्या गटात?

कंपनीचं नाव सांगत नाही. माझी नोकरी अजून तिथेच आहे, आणि वाचताना कुणाला वाटलं की हा टोमणा आपल्याला आहे, तर तो असेलही. एवढंच सांगते की मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. उन्हाळ्यात आंब्याचा पल्प निघतो, एरवी कोकम आणि फणस. दीडेकशे माणसं, सत्तर कॉम्प्युटर, आणि त्या सत्तरांची राखणदार मी एकटी. मृणाली भाटकर, सिस्टिम अॅडमिन. प्रिंटर अडकला तरी मी, माउस मेला तरी मी आणि कँटीनमधला टीव्ही लागत नसला तरीही मीच.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अजिंक्य सुर्व्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे आमचे कार्मिक विभागाचे मॅनेजर; भरती, बढती, रजा सगळं त्यांच्याकडे. आधी खरेदी विभागात होते, वर्षभरापूर्वी इकडे आले. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

“पॅकिंगच्या हौसाबाईंना आमच्या फोल्डरमध्ये यायची परवानगी आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“न बघताच?”

“सर, मला माझी माणसं पाठ आहेत,” मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हा माझा जुना आजार आहे.

तरी त्यांच्या समाधानासाठी त्यांच्याच कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्रंबित्रं नसतात, नुसते हुकूम टाइप करायचे असतात. ‘नेट युजर’ असा हुकूम दिला, पुढे हौसाबाईंच्या खात्याचं नाव. आमच्याकडे, आणि जवळपास सगळ्याच कंपन्यांत, एकेका माणसाला एकेका फोल्डरची किल्ली कुणी देत बसत नाही. माणसाला गटात टाकतात आणि फोल्डरच्या दारावर लिहितात, अमक्या गटाला आत सोडा. म्हणजे माणूस कुठल्या गटांत आहे ते कळलं की तो कुठकुठे जाऊ शकतो तेही कळतं. हौसाबाईंच्या नावापुढे एकच गट आला: पॅकिंग.

“बघा,” मी म्हटलं, “एकच.”

“याची प्रिंट काढून दे,” सर म्हणाले. मी दिली. वर सहीसुद्धा ठोकली. आणि मग त्यांनी सांगितलं काय झालंय ते.

साडेनऊला हौसाबाई स्वतःहून त्यांच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, “साहेब, तुळसाचं नाव राह्यलंय वाटतं यादीत.” सर म्हणाले, कुठल्या यादीत? तर म्हणे, “तीच वो, बढतीची. माजं हाय, तुळसाचं नाय. अकरा वर्सं पल्पच्या लाइनीवर उभी हाय ती.”

आता ही बढतीची यादी सरांनी आणि त्यांचा असिस्टंट दर्शन याने बंद दाराआड केलेली. शुक्रवारपासून तयार होती, मुंबईच्या हेड ऑफिसला मंगळवारी चार वाजेपर्यंत जायची होती आणि तोवर कुणालाही दिसायची नव्हती.

“म्हणजे असं,” सर माझ्या प्रिंटवर बोट ठेवून म्हणाले, “बाईंना हक्क नाही. तरी फाईल बघितली. म्हणजे कुणाचा तरी पासवर्ड वापरला. बाई म्हणतात, मी माझ्याच नावाने उघडली. कुणाला तरी पाठीशी घालतायत. दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर काय होतं ते नियमात आहेच. मेमो, आणि दोन वर्षं बढती नाही.”

“पण त्यांचं नाव सुपरवायझरसाठी आहे ना या यादीत?”

“होतं,” सर म्हणाले. पडद्यावर यादी उघडीच होती. हौसाबाईंच्या नावावरून त्यांनी लाल रेघ मारून ठेवली होती. “चार वाजता पाठवतो. तोवर कुणाचा पासवर्ड ते त्यांनी सांगितलं तर बघू.”

मी बाहेर पडले तेव्हा मला माझाच राग आला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हौसाबाईंना चौदा वर्षं झाली. पॅकिंग हॉल अर्धाअधिक त्याच चालवतात. सुपरवायझर येतात, जातात, कोकमाचं सरबत पिऊन सांगतात छान झालंय, आणि बाटल्यांच्या पेट्या वेळेवर गाडीत चढतात त्या हौसाबाईंमुळे. यंदा पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं नाव लिहिलं होतं. आणि ते खोडायला पुरावा कुणी दिला, तर मी. सहीनिशी.

तासाभराने पॅकिंग हॉलमध्ये गेले. तोवर सरांनी बाईंना परत बोलावून माझा कागद दाखवला होता, आणि बाई कॉम्प्युटरपुढे बसून कोल्ड स्टोरेजचं तापमान भरत होत्या. एका बोटाने. बाईंच्या टायपिंगला घाई ठाऊक नाही, पण चूकही ठाऊक नाही.

“आलीस?” त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “तूच दिलंस न्हवं लिवून, का मला हक नाय म्हणून?”

“दिलं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“बरं केलंस. नसंल तर नाय.” त्यांनी उणे अठरा भरलं, एंटर मारलं. “चोर म्हणाले नायत तोंडानं. पण रोज बसा म्हणतात, आज बसा म्हणाले नायत. मी बी उभ्यानंच ऐकलं.”

हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी पलीकडची बाटल्यांची पेटी ओढून तिच्यावरच बसले. म्हटलं, “हौसाबाई, मला एक खरं सांगा. कुणाच्या नावाने उघडलीत फाईल?”

“कितींदा सांगू गो? माज्या! दुसऱ्याचं नाव मला टायप करायला तरी जमंल का? माजंच करता करता चा निवतो.”

“मग कशी उघडलीत ते दाखवा.”

बाईंनी वरच्या शोधायच्या चौकटीत एका बोटाने ‘तुळसा’ लिहिलं. तुळसाची पाळी कधी आहे ते त्यांना सकाळी बघायचं होतं, दोघी एकाच रिक्षाने घरी जातात. खाली फायली आल्या. पाळीपत्रक जानेवारी, पाळीपत्रक डिसेंबर, आणि तिसरी, बढती.

“मला वाटलं ह्ये बी पाळीचंच,” म्हणत बाईंनी तिच्यावर टिचकी मारली, आणि माझ्या डोळ्यांदेखत कार्मिक विभागाची गोपनीय यादी पॅकिंग हॉलच्या कॉम्प्युटरवर, सरबताच्या चिकट बोटांखाली, सुखाने उघडली.

“बंद करा! बंद करा!” मी ओरडले. दोन मुली स्टिकर लावायच्या थांबून बघायला लागल्या.

“तूच म्हणालीस दाखवा,” बाई म्हणाल्या.

मी त्यांना उठवलं आणि खुर्चीत बसले. बाईंच्याच खात्यावर काळी खिडकी उघडली. एक हुकूम आहे, ‘हू ॲम आय’. मी कोण? असं कॉम्प्युटरला विचारायचं. त्याच्यापुढे ‘ग्रुप्स’ लावलं की लॉगिन करताना या माणसाच्या हातात कुठकुठल्या किल्ल्या दिल्या गेल्या त्या सगळ्या तो ओळीने सांगतो. वहीत काय लिहिलंय ते नव्हे, हातात काय आहे ते. मघाशी वहीत एकच गट होता. इथे सोळा ओळी आल्या. काही सगळ्यांनाच असतात तशा. पॅकिंग होता. कार्मिक-वाचन होता, म्हणजे ते गोपनीय फोल्डर वाचायचा हक्क. आणि त्याच्या वरच्या ओळीत जे होतं ते मी पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

शिमगा-भद्रे.

“बाई,” मी विचारलं, “तुमचा शिमगा कधीचा?”

“माहेरचा का सासरचा?”

“रजा कुठल्यासाठी घेता?”

“सासरच्या. भद्रेचा.” बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. “त्याचं आता काय?”

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्या रत्नागिरीत शिमगा सगळ्यांचा एका दिवशी नसतो. काही गावांचे शिमगे तेरसे, त्रयोदशीपासूनचे. काहींचे भद्रेचे, पौर्णिमेचे. आपल्या गावची पालखी ज्या दिवशी घरी येणार त्या दिवशी माणूस घरीच असतो. आई आजारी असली तर एक वेळ रजा नाकारता येते, पालखीची रजा नाकारलेला साहेब अजून आमच्याकडे जन्माला यायचाय. त्यामुळे आमच्या कंपनीत फाल्गुनात विभागबिभाग राहत नाहीत. दोनच प्रकारची माणसं उरतात, तेरसे आणि भद्रे. आधी तेरसे जातात आणि भद्रे त्यांची कामं बघतात, मग भद्रे जातात आणि तेरसे थकूनभागून, आवाज बसलेले, गुलाल कानात तसाच असलेले परत येऊन यांची कामं बघतात.

हे मला माहीत होतं. पण कुणीतरी याचे कॉम्प्युटरमध्ये रीतसर गट केले असतील हे मात्र माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझ्या खोलीत पळत आले आणि ‘डीएसगेट’ नावाचं दुसरं अवजार काढलं. सकाळचं ‘नेट युजर’ फक्त पहिली पायरी दाखवतं: माणूस थेट कुठल्या गटात आहे तेवढंच. पण गटसुद्धा दुसऱ्या गटात असू शकतो, तो तिसऱ्यात. ‘डीएसगेट’ला ‘एक्स्पांड’ असं शेपूट लावलं की ते थेट मुळापर्यंत उकरून सगळं वर काढतो. हे मला नीट ठाऊक होतं. परीक्षेत याच प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते. सकाळी हे अवजार काढायचा मी कंटाळा केला, कारण मला माझी माणसं पाठ होती ना!

एकेक पायरी चढत गेले. हौसाबाई पॅकिंग गटात. पॅकिंगमध्ये बहुतेक बाया भद्रेवाल्या, म्हणून अख्खा पॅकिंग गटच उचलून शिमगा-भद्रेमध्ये टाकलेला. आणि शिमगा-भद्रे हा गट कार्मिक-वाचनमध्ये. गट बनवल्याची तारीख होती मार्च २०२०.

म्हणजे धोंडूकाका. माझ्याआधी हे काम धोंडूकाका मयेकर बघायचे. मी तेव्हा लॅबमध्ये नमुने तपासत होते. ते निवृत्त झाल्यावर मला इकडे घेतलं. हल्ली सावर्ड्याला लेकीकडे असतात. फोन लावला.

“शिमगा-भद्रे?” काका म्हणाले, आणि फोनवर इतके मनापासून हसले की मी फोन कानापासून लांब धरला. “अगो, ते अजून हाय?”

“आहे, आणि त्याच्यापायी इथे एका बाईची बढती अडकल्येय. काय केलं होतंत ते सांगा.”

“अगो, त्या वर्षी कार्मिकला तीन माणसं होती, तिन्ही तेरसे. तिघंही चार दिवस गायब. रजांचे अर्ज, पाळ्या, कोण बघणार? मी म्हटलं एकेकाला हक्क देत कुठे बसू, भद्रेवाल्यांचा एक गट करतो आणि देतो सगळ्यांनाच चार दिवस. शिमगा आटोपला की काढून टाकीन.”

“मग का नाही काढलात?”

“मग माझा शिमगा लागला ना! मी पण भद्रे. गेलो घरी, पालखी नाचवली, पायात गोळे आले म्हणून आठ दिवस पडून राहिलो. उठतो तो लॉकडाऊन. त्याच्यानंतर कुणाला काय आठवतंय?” जरा थांबून त्यांनी विचारलं, “तेरसे गट मात्र मी काढला होता. काढला होता ना?”

“तो काढलायत.”

“मग अर्धं काम झालं होतं,” काका समाधानाने म्हणाले.

फोन ठेवला आणि मला खरंच नाचावंसं वाटलं. हौसाबाईंनी कुणाचा पासवर्ड घेतला नव्हता. दार सताड उघडं होतं, आणि ते आमच्या खात्याने उघडं ठेवलं होतं. आता फक्त उलटी यादी काढायची, म्हणजे या भद्रे गटात एकूण माणसं किती, की पुरावा पक्का. काढली. एकसष्ट नावं. पाचवं नाव अजिंक्य सुर्वे, खरेदी विभागात असल्यापासून. बाविसावं दर्शन. आणि एकोणचाळिसावं मी.

माझं नाव बघितलं आणि माझा नाच थांबला. कारण मला एक गोष्ट आठवली, जी मी गेली चार-पाच वर्षं मुद्दाम आठवत नव्हते.

लॉकडाऊननंतरच्या वर्षी, मी लॅबमध्ये असताना, असंच काहीतरी शोधता शोधता एक फोल्डर उघडलं होतं. गोपनीय अहवाल. त्यात प्रत्येकाबद्दल त्याच्या साहेबाने लिहिलेला शेरा. मी माझा वाचला. दोनदा वाचला. मग फोल्डर बंद केलं आणि कुणालाही, अगदी आईलासुद्धा, सांगितलं नाही. हे उघडं कसं, असा प्रश्नही विचारला नाही, कारण विचारला असता तर ‘तू तिथे काय करत होतीस’ हा पुढचा प्रश्न आला असता. पुढे मी अॅडमिन झाले, सगळीच दारं मला उघडी झाली आणि ते विसरायला सोपं गेलं.

एकसष्ट नावांचा कागद छापायचा की नुसती साखळी दाखवायची, यावर मी दहा मिनिटं घालवली. शेवटी छापला. पण घडी घालून खिशात ठेवला. शूर माणसं अशी वागत नाहीत हे मला माहीत आहे.

सव्वातीनला केबिनमध्ये सर, दर्शन, मी आणि हौसाबाई. मी साखळी दाखवली: हौसाबाई, पॅकिंग, शिमगा-भद्रे, कार्मिक. धोंडूकाकांच्या पायातले गोळेही सांगितले. दर्शन खो खो हसला. सरांनाही हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

“म्हणजे पासवर्डचा विषय संपला,” ते म्हणाले.

“संपला सर. सकाळी मी दिलेला कागद चुकीचा होता. अर्धवट तपासलं मी. तो फाडून टाका.”

त्यांनी तो फाडला नाही. हातात धरून राहिले. यादीवरची लाल रेघ तशीच होती.

“पण मृणाली, एक सांग,” ते म्हणाले. “दार उघडं असलं म्हणून कुणी आत शिरतं का? पावणेसहा वर्षं उघडं होतं म्हणतेस. इतक्या माणसांना. कुणी गेलं नाही. या बाईच कशा गेल्या? सुपरवायझर व्हायचं म्हणजे विश्वासाचं काम. मला हेड ऑफिसला उत्तर द्यावं लागेल.”

हौसाबाई पदर खोचून उभ्या होत्या, नजर खिडकीबाहेर, जिथे पेट्यांची गाडी भरत होती. त्यांचं लक्ष खरोखर त्या गाडीकडे होतं की डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून, हे मला कळलं नाही. पण मला ते सहन झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि इथे तर चोर शेजारीच उभा होता.

“मी गेले होते,” मी म्हटलं.

“कुठे?”

“त्या फोल्डरमध्ये. लॅबमध्ये होते तेव्हा. गोपनीय अहवाल उघडला आणि माझा शेरा वाचला.” एकदा सुरुवात झाली की मला थांबता येत नाही. “‘कामात हुशार, पण तोंडाने फटकळ. कायम करण्याआधी सहा महिने वर्तन पाहावे.’ वाचलं आणि पुढचे सहा महिने मी अशी गोड वागले सर, की घरी येऊन डोकं दुखायचं. कायम झाले. आणि कुणाला बोलले नाही. बाईंनी आज चुकून उघडलं आणि दहा मिनिटांत तुमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. विश्वासाचंच बघायचं असेल तर माझ्यापेक्षा त्या बऱ्या.”

माझे कान तापले होते, पण छातीवरचं काहीतरी उतरलंही होतं. मग दर्शनने घसा खाकरला.

“सर, मी डिस्पॅचला होतो तेव्हा... म्हणजे एकदाच.” तो बुटांकडे बघत होता. “‘वक्तशीर’ लिहिलं होतं. बस्स. वक्तशीर! तीन वर्षांच्या कामाचा एक शब्द. मी कुणाला सांगणार होतो?”

मी खिशातून कागद काढला आणि टेबलावर उलगडला. “या गटात एकसष्ट माणसं आहेत, सर. कोण गेलं, कोण नाही, ते मी विचारणार नाही. पण आम्ही दोघं तर इथेच सापडलो.”

सरांनी कागद वाचायला घेतला. वरून पाचव्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. कागदावर नुसतं नाव होतं, गेल्याचा काही पुरावा नव्हता, आणि मी तसं म्हटलंही नव्हतं. पण खाई त्याला खवखवे. सरांची मानेपासून वर गेलेली लाली मला टेबलाच्या या बाजूने दिसली.

ते हौसाबाईंकडे वळले. आवाज उतरला होता. “तुम्ही तुमचा शेरा वाचलात का, बाई?”

“कसला?”

“तुमच्याबद्दल लिहिलेला. त्याच फोल्डरमध्ये असतो.”

“नाय वो,” बाई म्हणाल्या. “आन् वाचून करायचं काय? चौदा वर्सं मीच माज्याबरोबर असतंय. तुमच्यापक्षी मला जास्ती म्हायती. मी तुळसाचं नाव बगत होते, ते नाय गावलं म्हणून आले.”

“तुळसाचं नाव आहे यादीत,” सर म्हणाले. “दुसऱ्या पानावर. पल्प विभाग वेगळा आहे.”

“दुसरं पान हाय व्हय?” बाईंचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा फुलला. “मी पयलंच बगितलं. पुडचं खाली सरकवायचं असतंय ते डोक्यातच नाय आलं. मंग बरं झालं! उगाच मी सकाळपासनं साहेबांवर चिडून ऱ्हायले.”

“तुम्ही माझ्यावर चिडला होतात?”

“तर! तुळसासाठी. माज्यासाठी नाय.”

दर्शनने तोंडावर हात धरला. मला हसू आणि रडू दोन्ही आलं, आणि दोन्ही मी गिळलं. सरांनी माझा सकाळचा सहीचा कागद घेतला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग मला म्हणाले, “तो गट आत्ता काढ.”

त्यांच्याच पडद्यावर मी शिमगा-भद्रे हा गट कार्मिकमधून काढला. एका ओळीचं काम. म्हटलं, “आत्ता जे लॉगिन करून बसलेत त्यांना आजचा दिवस चालेल. ते बाहेर पडून उद्या परत आले की दार बंद.”

“म्हणजे आज ज्याला वाचायचं असेल त्याने वाचून घ्यावं,” दर्शन म्हणाला, आणि सरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

साडेतीन वाजून गेले होते. यादी पडद्यावर होती, लाल रेघही. सर माउसवर हात ठेवून बसले. दर्शनकडे बघितलं. दर्शन कॅलेंडरवरचा एप्रिल बघत होता. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार होते, पण फटकळपणाचाही एक कोटा असतो, आणि माझा त्या दिवसाचा संपला होता.

“माझ्याबद्दल काय लिहिलं होतं सांगू?” सर एकदम म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. ते कीबोर्डकडे बघून बोलत होते. “मी खरेदीला होतो तेव्हाचं. ‘प्रामाणिक आहे. निर्णय घ्यायची वेळ आली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.’ पाठ आहे मला.” ते थोडं हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. “त्यानंतर एक महिना झोप नव्हती. कुणी लिहिलं तेही माहीत आहे. अजून रोज चहा पितो त्याच्याबरोबर.”

आम्ही तिघंही उभेच होतो. सरांनी यादीतली लाल रेघ निवडली आणि काढली. हौसाबाईंचं नाव स्वच्छ दिसायला लागलं. मग ई-मेल उघडली, यादी जोडली, आणि दर्शनकडे, माझ्याकडे, कुणाकडेच न बघता पाठवायचं बटण दाबलं.

हौसाबाई पुढे झाल्या आणि टेबलावर वाकून पडद्यात बघायला लागल्या.

“गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली,” सर म्हणाले.

“कुणाला न इचारता पाठवलात,” बाई म्हणाल्या. “मंग साहेब, ते तुमचं लिवलेलं खोटं झालं. मृणालीला सांगून ते आता खोडून घ्या.”